मूळ गांव आणि नारळाचें दूध



“आपलें मूळ गांव कोणतें?” हा प्रश्न आपल्याकडे नवी ओळख होतांच विचारला जातो. उत्तर देणारा पुष्कळदां त्या गांवीं जन्मलेला नसतो, कदाचित् तेथें कधीं गेलेलाही नसतो. तरी नांव मात्र तत्काळ सांगतो. आडनांवाच्या शेवटीं ‘कर’ लावून आपण गांव पिढ्यान्‌पिढ्या बरोबर वागवितों. परंतु गांव सुटून दोन-तीन पिढ्या लोटल्या, मध्यें समुद्रही आड आला, म्हणजे त्या गांवाचें माणसापाशीं काय उरतें, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठीं घेतलेलें उदाहरण आमच्या उरणसमोरच्या किनाऱ्यावरचें, अलिबागकडील बेने इस्रायल समाजाचें आहे.

या समाजाची परंपरागत कथा अशी: प्राचीन काळीं एक गलबत नवगांवजवळ फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. बुडालेल्यांना नवगांवीं पुरलें, आणि वांचलेल्यांचा वंश कोंकणांत वाढला. ही घटना कोणत्या शतकांतील, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु हे लोक घाण्यावर तेल गाळीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत, हें निश्चित. हिब्रू भाषा ते विसरले होते. पण शनिवारची विश्रांति, मुलाची आठव्या दिवशींची सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनीं सोडली नाहीं. आडनांवें मात्र त्यांनीं येथल्या मातींतून घेतलीं. किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, चौलचे ते चेऊलकर. चित्रपटांतील लोकप्रिय नट डेव्हिड यांचें पूर्ण नांव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबईंतील या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं बांधणारे गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तर बायबलांतील कथांवर मराठींत कीर्तनें करणारे कीर्तनकार या समाजांत निपजले.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें. त्या वेळीं भारतांत या समाजाचे सुमारें वीस हजार लोक होते. पुढील दोन-तीन दशकांत त्यांपैकीं बहुतेक अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद अशा नगरांत जाऊन राहिले. तेथें विवाहाच्या प्रसंगीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढण्यांत आल्या. त्यांनीं दीर्घकाळ निदर्शनें केलीं, तेव्हां १९६४ सालीं तेथील लोकसभेनें, हे लोक सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असें जाहीर केलें. कोंकणांत त्यांची ओळख शनिवारावरून पटे. तिकडे ती हिंदुस्थानावरून पटूं लागली.

आतां त्यांच्या स्वयंपाकघरांत डोकावूं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें मांस आणि दूध एकत्र करावयाचें नाहीं. दही, तूप, लोणी हींही मांसाबरोबर वर्ज्य. इतर देशींच्या यहुद्यांना ही मोठीच अडचण. पण कोंकणच्या माणसाला रश्श्यासाठीं गाईम्हशीचें दूध लागतें कोठें? तो नारळाचें दूध काढतो. कालवण दाट होतें, आणि नियमाला बाध येत नाहीं. माशांतही तोच मासा चालतो, ज्याला पर व खवले दोन्ही आहेत. म्हणून रावस चालतो. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या वर्ज्य. आमच्या उरणच्या माणसाला हा नियम कठीण वाटेल; पण ज्या किनाऱ्यावर कोळंबी टोपलीनें विकत मिळे, तेथें ती घरांत न आणतां यांनीं शतकें काढलीं! सबाथच्या आशीर्वादाला द्राक्षासव हवें. कोंकणांत द्राक्षमळे कोठले? म्हणून काळ्या मनुका पाण्यांत भिजवून त्यांचें सरबत केलें जातें.

सणांचीं जुनीं नांवेंही अशींच घरगुती आहेत. यहुदी नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. त्याला गव्हाचा चीक आणि नारळाचें दूध आटवून हलवा करतात. प्रायश्चित्ताचा मोठा दिवस म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन, तो ‘बिरड्यांचा रोजा’. कारण उपवास मोडलेल्या वालांनीं सोडावयाचा. आणि शुभकार्यांत किंवा नवस फेडतांना मलिदा: भिजविलेले पोहे, ओलें खोबरें, साखर, वेलची व भोंवतीं फळें. हें ताट एलियाहू प्रेषिताच्या नांवानें मांडतात. अलिबागजवळ खंडाळें येथें एक खडक आहे. तेथें या प्रेषिताच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

गेल्या हिवाळ्यांत इस्रायलहून आलेल्या अशा एका कुटुंबाबरोबर मी करंजाहून लाँचनें रेवसला गेलों. आजीबाई बारा वर्षांच्या असतांना येथून गेलेल्या, नातू विशीचा. नवगांवचें स्मारक व खंडाळ्याचा खडक पाहून झाल्यावर एका ओटीवर आम्हीं टेकलों. घरधनीण वाल सोलीत बसली होती. आजीबाई त्यांच्या शेजारीं बसल्या व न विचारतां मूठभर वाल पुढें ओढून सोलूं लागल्या.

“मावशी, तुमच्याकडे बिरड्यांत गूळ घालतात का हो?” घरधनीणीनें विचारलें.

“अग, घालतात म्हणजे काय? लिंबाएवढा! आणि नारळाचें दूध शेवटीं.”

पुढें अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या, आणि सहा दशकें मध्यें गेलीं होतीं असें वाटत नव्हतें. नातू मात्र गप्प होता. त्याला मराठी किती येतें, म्हणून मीं चौकशी केली. ‘बिरडें’, ‘मलिदा’, ‘हलवा’, ‘जेवलास का?’ आणि ‘पुरे’, एवढेंच. तासाभरापूर्वीं नवगांवीं आजी आपल्या वडिलांच्या घाण्याची व बैलाची हकीकत सांगत होत्या, तेव्हां तो शेजारींच उभा होता. त्यांतलें अक्षरही त्याला समजलें नव्हतें.

भाषा जातांना स्वयंपाकघरांतून सर्वांत शेवटीं जाते, असें मला दिसतें. त्याचें कारण उघड आहे. सण वर्षानुवर्ष येतो, त्या दिवशीं तोच पदार्थ होतो, आणि पदार्थाबरोबर त्याचें नांव उच्चारावें लागतें. परंतु पदार्थाच्या नांवाबरोबर घराण्याची हकीकत आपोआप येत नाहीं. ती कोणीतरी सांगावी लागते, आणि ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेंत सांगावी लागते. आजीबाईंच्या घरीं बिरडें पोहोंचलें. घाणा पोहोंचला नाहीं.

हें परदेशीं गेलेल्यांचेंच दुःख आहे, असें कोणी समजूं नये. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. त्याच्यासाठीं आमच्या तालुक्यांतल्या कित्येकांच्या जमिनी गेल्या, कांहींचीं घरेंही गेलीं. भातखाचरें, खाजण, उघाडी हे शब्द मीं ज्या मुलांना वर्गांत अर्थ न सांगतां वापरून दाखविले, त्यांच्याच मुलांना आज त्यांचा अर्थ समजावून द्यावा लागतो. कोठेंही न जातां मूळ गांव सुटतें, तें असें.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना यंदाच्या सणाला पाककृति विचारून घ्या व वहींत उतरून ठेवा. आणि त्याच पानाखालीं तो पदार्थ त्यांना कोणीं शिकविला, कोणत्या घरांत, कोणत्या चुलीवर, हेंही लिहा. मुलाला वाढतांना तें वाचून दाखवा. त्या आजीबाईंच्या मुलीनें परत गेल्यावर असेंच करावयास घेतलें आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर हिब्रू. पहिलें पान बिरड्यांचें आहे, आणि त्याखालीं घाण्याच्या बैलाचें नांव लिहिलेलें आहे.