दाढदुखीवर प्रतिजैविकांचा उतारा कशासाठी?

पेनिसिलिन दुकानात सहज मिळू लागेल, लोक ते अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जिवाणू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच दिला होता. आपल्याकडे दाढ ठणकू लागली की अमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोलच्या चार गोळ्या आणायच्या आणि ठणका थांबला की उरलेल्या फडताळात ठेवायच्या, ही रीत त्या इशाऱ्याचीच प्रचीती देते.

शास्त्र मात्र स्पष्ट आहे. कीड दाताच्या गरापर्यंत गेल्यावर उठणारी कळ दाहाची असते. ती प्रतिजैविकाने शमत नाही. गर मृत झाला की तेथील रक्तपुरवठाच थांबतो. मग रक्तावाटे जाणारे औषध पोहोचणार कसे? अशा वेळी रूट कॅनाल, पू काढून टाकणे किंवा दात उपटणे हाच इलाज. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढांना दंतोपचार तातडीने उपलब्ध असल्यास अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविक देऊ नये. ताप, पसरणारी सूज, तोंड न उघडणे ही लक्षणे दिसली, तर मात्र ते आवश्यक ठरते. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिबंधक मात्राही द्यावी लागते.

केंद्राने २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्ट लागू केले. त्यातील औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. परंतु दंतोपचारात सर्रास वापरले जाणारे अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही. ते साध्या ‘एच’ परिशिष्टात आहे. चिठ्ठी तेथेही सक्तीची, पण वेगळ्या नोंदवहीचा जाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारणही नमूद करावे, असे डॉक्टरांना आवाहन केले. आवाहन योग्यच आहे. पण जो रुग्ण डॉक्टरकडे जातच नाही, त्याचे काय?

मूळ दुखणे येथे आहे. रूट कॅनालचा खर्च आणि दोन-तीन दिवसांची बुडणारी मजुरी यांपुढे गोळ्या स्वस्त वाटतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये प्राथमिक मुखआरोग्याचा समावेश आहे. ती सेवा कागदावरून प्रत्यक्षात उतरली, तालुक्याच्या ठिकाणी दंतवैद्य, चालू स्थितीतील खुर्ची आणि भुलीचे इंजेक्शन मिळू लागले, तर औषधांच्या दुकानाकडे वळणारी पावले आपसूक कमी होतील. केवळ दुकानदारांवर छापे घालून हे साधणार नाही. इलाज हाताशी नसेल, तर माणूस गोळीच शोधणार. आणि आज दाढेसाठी वाया घालवलेले औषध उद्या न्यूमोनियाच्या रुग्णाला उपयोगी पडेलच, याची शाश्वती उरणार नाही.