पाटा वाढला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही

बिलोलीच्या स्टँडवर ‘कॅम्पर’ म्हटलं की डोळ्यांपुढे बोलेरो कॅम्पर येते: पुढे दोन ओळींत माणसं, मागे आखूड हौदा. गाडीतच मुक्काम करणारा तो दुसरा कॅम्पर आपल्याकडे नावाने नवा असला तरी रीत जुनी आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ताडपत्री ताणलेल्या पिकअप दिसतात. हौद्यात गाद्या, शेगडी, पिठाचे डबे आणि पाण्याची टाकी असते. आषाढीला दिंडीमागून चालणारा ट्रक म्हणजे अख्ख्या दिंडीचं स्वयंपाकघरच. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून हौसेने पिकअपवर खोली बांधणारेही वाढू लागले आहेत. खोली चढली की गाडी मागून बसते आणि मालक पाटेवाल्याकडे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या मिस्त्रीकडे, जाऊन म्हणतो, “मिस्तरी, मागं एकेक पाटा वाढवून टाका.” बहुतेक गैरसमज या एका वाक्यातच आहेत.

गैरसमज 1 : पाटा वाढवला की गाडी जास्त वजन पेलते.

वस्तुस्थिती : पाटा गाडीला उंच धरतो, तिची भारक्षमता वाढवत नाही. वजन पाट्यावरून एक्सलच्या हाउसिंगवर जातं, तिथून बेरिंगवर, रिमवर आणि शेवटी टायरवर. ब्रेकला तेच वजन थांबवायचं असतं. यातली सगळ्यात कमकुवत कडी जेवढी, तेवढीच गाडीची क्षमता. टायरच्या कडेला भारांक छापलेला असतो. 112 म्हणजे ठरलेल्या हवेवर एका टायरला 1120 किलो, दोन टायरना 2240. पाटे कितीही भरले तरी हा आकडा हलत नाही. कायद्यालाही आरसी बुकातलं वजनच मान्य आहे. मालवाहू गाडीत त्याहून जास्त भार सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20 हजार रुपये, वर जास्तीच्या प्रत्येक टनामागे 2 हजार दंड होतो.

गैरसमज 2 : थोडा जाड पाटा टाकला तर थोडाच फरक पडतो.

वस्तुस्थिती : पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. हाताला दोन मिलिमीटरचा फरक लागतही नाही, पण बसणाऱ्याच्या कमरेला लागतो. म्हणून अंदाजाने जाड पाटा घुसवण्यापेक्षा मूळ जाडीचा पाटा वाढवणं किंवा भार पडल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा बसवणं बरं. रिकाम्या गाडीत तो अधांतरी राहतो आणि गाडी बसली की कामाला लागतो.

गैरसमज 3 : आडवाटेला पाटे जितके कडक तितके चांगले.

वस्तुस्थिती : उलट आहे. बांध किंवा नाला तिरका ओलांडताना एक चाक खाली लोंबावं लागतं आणि दुसरं वर चढावं लागतं. पाटे फार कडक असले की चाक खाली जात नाही, हवेत लटकतं. साध्या डिफ्रन्शियलमध्ये लटकलेलं चाक नुसतं गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळत नाही. मांजरा नदीकाठच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर हे लगेच कळतं. ओली काळी माती फुगते, टायरच्या नक्षीत भरून बसते आणि गाडी जागच्या जागी रुतते. अशा वाटेला पाट्याइतकंच महत्त्व शॉकअपला आहे. पाटे वाढवले आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर प्रत्येक खड्ड्यानंतर मागचा भाग उसळत राहतो.

गैरसमज 4 : हवेची बॅग बसवली की सगळे प्रश्न मिटतात.

वस्तुस्थिती : बॅग मागचा भाग समतल करायला चांगली, पण ती चासीला एकाच ठिकाणी रेटते. पाट्याचा भार मात्र पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांत वाटला जातो. जास्त वजन, बॅगेचा रेटा आणि खड्डे एकत्र आले की चासीला वाक किंवा तडा जाण्याची भीती असते. शिवाय दोन्ही बॅगा एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. दोन्ही बाजूंना वेगळ्या नळ्याच हव्यात.

गैरसमज 5 : एकूण वजन बसलं की झालं, ते कुठे ठेवलं याने काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहा. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 3 मीटर. 300 लिटर पाण्याची भरलेली टाकी मागच्या चाकांच्या 1 मीटर मागे टांगली. मागच्या चाकांवर 300 नाही, 400 किलो वाढतात आणि पुढची चाकं 100 किलोने हलकी होतात. स्टेअरिंग सैल लागतं, हेडलाइटचा उजेड रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. अशा वेळी पाटा वाढवण्याआधी टाकी केबिनजवळ, खाली सरकवावी. हा उपाय फुकट आहे.

गैरसमज 6 : मागून उंच केली तर ब्रेकचा काय संबंध?

वस्तुस्थिती : अनेक पिकअपमध्ये चासी आणि हाउसिंग यांच्यामध्ये एका दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब देतो. पाटे वाढवून गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो दाब कमी ठेवतो. पाटेकाम झाल्यावर हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्यावाच लागतो.

गैरसमज 7 : तुटलेला पाटा वेल्डिंगने चालतो, बसलेला गॅसवर तापवून उठतो.

वस्तुस्थिती : पाट्याची लवचीकता ठरावीक उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. गॅसच्या ज्योतीने ती त्या जागी निघून जाते आणि पाटा पुन्हा बसतो किंवा तडकतो. पाटा बदलायचा तर उजवी-डावी जोडी बदलावी. यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि भरलेली गाडी थोडं अंतर चालवून ते पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले तर पाटे एकमेकांवर सरकतात आणि सगळा मार मधल्या सेंटर बोल्टवर येतो.

मग सुरुवात कुठून करायची? वजनकाट्यावरून. पाणी, गॅस, अंथरूण-पांघरूण आणि माणसं यांच्यासह गाडी काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशा तीन चिठ्ठ्या घ्या आणि आरसी बुक व टायरशी ताडून पाहा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर सामान उतरवा. मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तर थकलेले पाटे बदला किंवा मदतीचा पाटा घाला. खोली कायमची बांधायची असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचे तपशील बदलतील असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही. आणि मालवाहू हौद्यातल्या गादीवर गाडी थांबल्यावरच आडवं व्हायचं.

पाटेवाल्याकडे जाताना त्या तीन चिठ्ठ्या खिशात असू द्या. किती पाटे टाकायचे हे मग अंदाजाने सांगावं लागत नाही.