लिहिते… आणि बिलही पाठवते!

‘सध्या काय करतेस गं?’

चुलतबहिणीच्या लग्नात, पंगतीत जिलबीचं ताट फिरत असताना आत्याने विचारलं.

‘लिहिते.’

‘ते ठाऊक आहे. पण नोकरी?’

‘सोडली. आता फ्रीलान्स करते.’

आत्याने माझ्या पानात आणखी एक जिलबी ठेवली. बिच्चारी पोर, असा एकूण भाव!

फ्रीलान्सिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कॅफेतली खिडकीजवळची जागा, लॅपटॉप, कॉफी, डोक्यावर बॉस नाही. मास कॉमची डिग्री आणि कंटेंट कंपनीतली तीन वर्षं पाठीशी घेऊन मी राजीनामा टाकला, तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर हेच होतं. पहिले चार महिने मस्त गेले. पाचव्या महिन्यात मी जमिनीवर आले.

झालं असं, की एका कंपनीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं काम मिळालं. चौसष्ट पानं. जुन्या कामगारांच्या मुलाखती, मालकांचं मनोगत, फोटोंच्या ओळी, सगळं मीच लिहायचं. फोनवर चोवीस हजार ठरले. मी सहा आठवडे राबले. स्मरणिका छापून आली, कार्यक्रम झाला, मला पुष्पगुच्छही मिळाला. पैसे मात्र नाहीत! आधी ‘बिल अकाउंट्सला दिलंय’, मग ‘साहेब टूरवर आहेत’, मग ‘पुढच्या आठवड्यात नक्की’. ज्या मॅनेजरने मला काम दिलं होतं त्याने नोकरी बदलली, आणि नवा मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे तर असं काही लेखी नाही.’

खरंच नव्हतं. एक ओळीचा मेलसुद्धा नव्हता.

कोथरूडच्या शेअरिंग फ्लॅटचं माझ्या वाट्याचं भाडं नऊ हजार. त्या महिन्यात खात्यात होते अकराशे. आईला मी काही बोलले नव्हते, तरी एक दिवस खात्यात पाच हजार आले. आईने फोनवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त ‘जेवतेस ना वेळेवर?’ एवढंच विचारलं. त्याच आठवड्यात जुन्या बॉसचा फोन आला. ‘जागा रिकामी आहे. येतेस का परत?’

मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. त्या पंधरा दिवसांत मी एकही लेख लिहिला नाही. राजीनाम्याच्या आधी जे शोधायला हवं होतं, ते शोधत बसले. तुमच्यापैकी कुणाच्या ड्रॉवरमध्ये राजीनाम्याचा मसुदा पडून असेल, तर हे पुढचं तुमच्यासाठी.

पैशाचं आधी बोला

आपल्याकडे पैशाचं बोलायची लाज वाटते. ‘तुमच्या अंदाजाने द्या’ असं मीही म्हणायचे. समोरच्याचा अंदाज नेहमी आपल्यापेक्षा कमीच असतो, हा पहिला धडा.

आता काम हाती घेण्याआधी मी पाच ओळींचा मेल टाकते. काम काय, शब्द किती, बदल किती वेळा करून देणार, पैसे किती, आणि कधी. शेवटी ‘कृपया होकार कळवा’. समोरून ‘ओके’ आलं की तो आपला पुरावा. मोठं काम असेल तर तीस टक्के आगाऊ. आगाऊ पैशाचं नाव काढताच जे गायब होतात, ते शेवटीही गायबच झाले असते!

दुसरी गोष्ट फार थोड्या लिहिणाऱ्यांना माहीत असते. लघुउद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा आहे, आणि त्यात सेवा देणारेही बसतात. म्हणजे एकट्याने काम करणारी लेखिकासुद्धा ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून नोंद करू शकते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर होते. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. पैसे मागणाऱ्या दिखाऊ साइट्सपासून मात्र सावध!

याचा उपयोग काय? नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं बिल ठरलेल्या तारखेला द्यावं लागतं, आणि लेखी करारातही ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदतीबद्दल काहीच लेखी नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. वाद झालाच तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. शिवाय २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने आणखी एक मेख मारून ठेवली आहे. मुदत चुकवलेलं असं बिल कंपनीला, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्च म्हणून करातून वजा करता येतं. त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, हा स्वानुभव.

माझे चोवीस हजार मात्र यातून सुटले नाहीत. माझी नोंदणी तेव्हा झालेलीच नव्हती, आणि काम केल्यावर नोंदणी करून मागच्या बिलाला हा कायदा लावता येत नाही. ते पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगते, पहिलं काम घेण्याआधी नोंदणी करा.

लेख नेमका कुणाचा?

माझा एक लेख मला न विचारता एका संकलनात छापून आला होता. संपादकांना फोन केला तर म्हणाले, ‘आम्ही मानधन दिलं होतं ना?’ मी गप्प बसले. बसायला नको होतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखाणाचा पहिला मालक लिहिणारा असतो. पगारी नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचं गणित वेगळं. पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याच्याकडून हक्क घ्यायचे तर सहीचा लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. नोंदणी केली नाही तरी हक्क तुमचाच असतो.

म्हणून करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की थांबा. विचारा, एकदा छापण्याचा हक्क पुरेसा नाही का? पुष्कळदा समोरचा सहज ‘बरं’ म्हणतो, कारण तो मसुदा त्यानेही कुठून तरी कॉपी-पेस्ट केलेला असतो! हक्क द्यायचेच असतील तर त्याचे पैसे वेगळे मागा.

एक लक्षात ठेवा, कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. मालिका किंवा वेबसीरिजकडे ओढा असेल तर मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं, म्हणजे पूर्वीच्या फिल्म रायटर्स असोसिएशनचं, सदस्यत्व घ्या. तिथे कथा-पटकथा नोंदवून ठेवायची सोय आहे. निर्मात्याला कथा ऐकवायची ती नोंदवल्यानंतरच.

कोश, कीबोर्ड आणि काना-मात्रा

मराठीत लिहायचं म्हणजे मराठी येतंच की, असा आपला समज. पहिल्या लेखाच्या प्रुफात माझ्या दीडशे चुका निघाल्या, तेव्हा तो समज गेला. तेव्हापासून टेबलावर दोन पुस्तकं कायम असतात. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’. वाळंबे स्पर्धा परीक्षांचं म्हणून हसू नका, नियम तिथे चटकन सापडतात.

बाकीचं बरंच फुकट आहे. ‘बृहद्कोश’ या साइटवर मोल्सवर्थपासून दाते-कर्व्यांपर्यंतचे शब्दकोश एकत्र शोधता येतात. मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन वाचता येतात. सरकारी परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोशही नेटवर आहेत, आणि अनुवादाची कामं घेणाऱ्यांना त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

टायपिंगचं म्हणाल तर इन्स्क्रिप्ट शिका. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणं सोपं वाटतं, पण ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ला अडकायला होतं. इन्स्क्रिप्ट विंडोजमध्येच असतं, वेगळं विकत घ्यावं लागत नाही. मला पंधरा दिवस वैताग आला, पण नंतर वेग इतका वाढला की महिन्याला एक लेख जास्त लिहून व्हायला लागला. आणखी एक, काही छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखे फॉन्ट चालतात. युनिकोड मजकूर तिकडे रूपांतरित होताना जोडाक्षरं फुटतात. मजकुरासोबत पीडीएफ पाठवायची म्हणजे ‘तुम्हीच चुकीचं लिहिलं होतं’ हे ऐकावं लागत नाही.

आणि एआयचं काय? माझ्याकडे येणारं साधं, वेबसाइटचं कंटेंट लिहायचं काम कमी झालंय, खोटं कशाला बोलू! आता मशीनने केलेला अनुवाद ‘फक्त नजरेखालून घाला’ अशी कामं येतात, निम्म्या दरात. पण त्यातली बरीच वाक्यं मुळापासून लिहावी लागतात. अशा कामाचे पैसे मी शब्दावर नाही, तासावर लावते. प्रत्यक्ष जाऊन, माणसांशी बोलून लिहायच्या लेखांना मात्र अजून विचारणा असते.

विषय कुठून आणायचे?

संपादकांना ‘मला आयटीवाल्यांच्या लाइफस्टाइलवर लिहायचंय’ असा मेल पाठवला तर उत्तर येत नाही. पण ‘हिंजवडीत रात्री दोनला शिफ्ट सुटलेली मंडळी जेवतात कुठे? मी तीन गाड्यांवर बसून आले, फोटो आहेत, बाराशे शब्द गुरुवारपर्यंत देते’ असा मेल पाठवला तर येतं. पिचचा फंडा एवढाच. विषय अरुंद ठेवा, तुम्हीच का ते सांगा, शब्द आणि तारीख द्या. तीन-चार ओळी पुरतात. आठवड्याने एकदा आठवण करायची, मग दुसरं दार ठोठवायचं.

मजकुरासाठी दोन साधनं मी कधी सोडत नाही. पहिलं म्हणजे २००५ चा माहिती अधिकार कायदा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, आणि ऑनलाइनही करता येतो. पत्रकाराचं ओळखपत्र लागत नाही! दुसरं साधन म्हणजे जुनी ग्रंथालयं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. गुगलवर न मिळणारे विषय तिथल्या कपाटांत आहेत.

आणि हो, दिवाळी अंक! का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्यांचा खरा सीझन दिवाळी. पण दसऱ्याला विषय सुचून उपयोग नाही. मी एप्रिल-मेमध्येच संपादकांना विषय कळवते. लेख पावसाळ्यात लिहून होतो, मानधन कधी कधी नाताळात येतं. त्या पैशावर दिवाळीची खरेदी ठरवू नका!

टॅक्सचं टेन्शन

कंपनी व्यावसायिक फीवर दहा टक्के टीडीएस कापते. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला पन्नास हजारांपर्यंतच्या फीवर तो कापला जात नाही. साठ हजारांच्या बिलाचे चौपन्न हजार आले म्हणून मी भांडायला निघाले होते. ते सहा हजार माझ्याच पॅनवर जमा होते, रिटर्न भरल्यावर परत मिळाले. टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या नावावर किती कापलंय हे तपासत जा. एक वेगळं बँक खातं ठेवा आणि आलेल्या प्रत्येक रकमेतले काही पैसे बाजूला टाका. पहिल्या वर्षी सीएला दिलेली फी वाया जात नाही.

राजीनाम्याआधीची चेकलिस्ट

– सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण भागेल एवढी रक्कम बाजूला.

– स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स. ऑफिसचा राजीनाम्याबरोबर जातो.

– नावाने छापून आलेले किमान पाच लेख.

– उद्यम नोंदणी, बिलाचा नमुना, पाच ओळींचा मेल.

– दर महिन्याला ठरावीक काम देईल असा एक तरी क्लायंट.

मग पंधरा दिवसांनी काय झालं?

हा शेवटचा मुद्दा मला जुन्या बॉसमुळेच सुचला. पंधराव्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, ‘नोकरी नको. महिन्याला आठ लेख माझ्याकडून घ्या. दर हा, आणि बिल तीस दिवसांत.’ ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नोकरीत असताना एवढं स्पष्ट कधी बोलली नाहीस!’ आठावर नाही, सहावर सौदा झाला. भाडं आणि किराणा त्यातून निघतो. बाकीचा महिना माझा.

आईचे पाच हजार परत केले, तर तिने ते माझ्याच नावाने पोस्टात टाकले. काही महिने अजून कोरडे जातात, तेव्हा रात्री झोप लागत नाही. पण आता निदान कुणाकडून किती येणं आहे आणि कुठल्या तारखेला, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं.

परवा आत्याचा फोन आला होता. तिच्या भिशीतल्या मैत्रिणीच्या मुलीला फ्रीलान्स करायचंय, तिला जरा समजाव म्हणाली. करू नको म्हणून समजावू की कसं करायचं ते, हे काही तिने सांगितलं नाही. मी त्या मुलीला सगळ्यात आधी उद्यमची लिंक पाठवली.