चढाईपटूवर पैसा केव्हा लावावा?

प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत झाला. त्याच्या दोनच दिवस आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक घेतले होते. त्या संघाचा कर्णधार पवन सेहरावत याच्यावर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांची विक्रमी बोली लावली. संघाची सगळी पुंजी ५ कोटींची, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या चढाईपटूवर गेली. त्या हंगामात टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि बारा संघांत ते तळाला राहिले. पुणेरी पलटणने मात्र १७ साखळी सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, टायटन्सच्याच अंगणात, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. पवनच्या खेळात खोट नव्हती. खोट होती ती त्याला घेण्याच्या वेळेत.

असे का होते, याचा उलगडा तेलाच्या धंद्यात आधी झाला.  समुद्राखालचे तेल काढण्याआधी कंपन्यांना समुद्रतळाचे पट्टे लिलावात घ्यावे लागतात. मेक्सिकोच्या आखातातल्या अशा पट्ट्यांतून कंपन्यांना अपेक्षेएवढा नफा का मिळत नाही, याचे कारण केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये मांडले. ते समजायला आपल्याकडचा उक्ता व्यवहार पुरेसा आहे. एखादी उभी बाग बारा व्यापारी पाहून जातात. फळ किती निघेल याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा. सगळ्यांच्या अंदाजाची सरासरी खऱ्या उत्पन्नाच्या जवळ असेल, पण बाग सरासरी अंदाज करणाऱ्याला मिळत नाही. ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, त्याला मिळते. बोली लावणारे जितके जास्त, तितकी ही फूग मोठी. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. सुवर्णपदक गळ्यात पडून दोन दिवस झालेला कर्णधार लिलावात येतो, तेव्हा बाग ऐन बहरात असते आणि बाराही व्यापारी बांधावर उभे असतात.

हीच फूग अमेरिकी फुटबॉलमध्येही दिसते. तिथे चढाईपटूच्या जागी क्वार्टरबॅक असतो. सगळे आक्रमण त्याच्या हातून सुरू होते. तिथे नवे खेळाडू लिलावात नव्हे, तर पाळीपाळीने निवडतात आणि पहिली पाळी मिळवण्यासाठी संघ पुढच्या वर्षांच्या पाळ्याही देऊन टाकतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी या निवडींचा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की पहिल्या काही पाळ्यांसाठी मोजली जाणारी किंमत त्या खेळाडूंच्या कामगिरीपेक्षा जास्त असते. कोण पुढे चमकेल हे आपल्याला कळते, हा निवडणाऱ्यांचा विश्वास पुराव्यापेक्षा मोठा असतो. २००७ मध्ये सर्वांत आधी निवडलेला क्वार्टरबॅक जामार्कस रसेल तीन हंगामांत संघाबाहेर गेला. २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडलेल्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने सात अजिंक्यपदे मिळवली.

यावर कबड्डीचा जाणकार लगेच हरकत घेईल की चढाईपटूशिवाय कोण जिंकले? प्रदीप नरवालच्या जोरावर पाटणा पायरेट्सने लागोपाठ तीन वेळा विजेतेपद मिळवले आणि सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात याच पवनने एकट्याने २२ गुण काढून बेंगळुरू बुल्सला जिंकवले. हरकत खरी आहे, पण तिच्यातला काळ पाहावा. ही विजेतेपदे त्या दोघांचे भाव कोटींत जाण्याआधीची आहेत. १ कोटी ६५ लाखांचा झालेला प्रदीप यूपी योद्धाला तीन हंगामांत एकदाही अंतिम फेरीत नेऊ शकला नाही. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवनसाठी २ कोटी २६ लाख मोजले आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडला. तरी संघ उपांत्य फेरीत पोहोचला, कारण नरेंदर या नवख्या पोराने चढायांचे २४३ गुण मिळवले. हा पर्याय संघाच्या घरातच होता, लिलावाच्या दिवशी मात्र कोणाला दिसला नव्हता.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे. पलटणनेही दहाव्या हंगामाच्या त्याच लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजलेच ना? मोजले, आणि माझ्या मते तेच पलटणचे खरे शहाणपण. आठव्या हंगामात नवखे म्हणून घेतलेले अस्लम इनामदार आणि मोहित गोयत तोवर तयार झाले होते. अस्लम आणि पलटणचाच आकाश शिंदे हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या संघातही होते. चढाईची बाजू स्वस्तात आणि वेळेआधी भरल्यामुळे मोठी रक्कम पकडीवर लावता आली. शादलूईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले, इतरांपेक्षा जास्त. अंतिम सामन्यात चढायांचा भार पंकज मोहितेने उचलला. एकाच्या पायावर सगळा डाव उभा नसला की एक मोडला तरी दुसरा उभा राहतो.

एका हंगामावरून नियम ठरत नाही, हे मान्य. म्हणून पुढचा हंगाम पाहू. पलटणने सोडलेल्या शादलूईला हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले. पलटणची त्या हंगामात घसरण झाली आणि बाद फेरीही हुकली. २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत अंतिम सामना झाला. एका बाजूला हंगामात चढायांचे ३०१ गुण मिळवणारा पाटण्याचा देवांक दलाल, दुसऱ्या बाजूला महागडा शादलूई आणि आदल्या हंगामापासून हरियाणातच घडलेला, महाराष्ट्राचा शिवम पटारे. हरियाणाच्या बचावाने देवांकला रोखून धरले आणि सामना ३२-२३ असा जिंकला. पुढच्याच लिलावात त्या देवांकसाठी बंगाल वॉरियर्सने २ कोटी २० लाख ५० हजारांची बोली लावली.