शेवटी लढाई का नाही?

नववीतल्या भाचीनं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचून संपवलं आणि विचारलं, "मावशी, शेवटी लढाईच नाही गं?"

मला फार आनंद झाला. पोरीनं नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं!

अर्सुला ले ग्विन यांची ही कादंबरी १९६८ची. तोवर गोष्टींतले जादूगार बहुधा पांढऱ्या दाढीचे म्हातारे. ते पोरवयात कसे असतील, हा प्रश्न ले ग्विन यांना पडला. त्यातून गेड आला: तांबूस-सावळा, हुशार आणि भयंकर गर्विष्ठ. ईर्ष्येपोटी तो मृतात्म्याला बोलावतो आणि एक काळी सावली मोकळी सुटते.

आधी तो तिच्यापासून पळतो. मग गुरू ओगियनच्या सल्ल्यानं उलटा तिच्याच मागावर निघतो.

शाळेत असताना मी हा थरारक पाठलाग म्हणून वाचला. चाळिशीत वाचताना मात्र गेडची लाज आणि जिवावर उदार होऊन त्याच्यासोबत होडीत बसणारा मित्र व्हेच, यांनी डोळे भरून आले.

याच मालिकेतल्या १९९०च्या 'तेहानू'मध्ये तर गेडची जादूच संपलेली आहे आणि नायिका तेनार ही मध्यमवयीन विधवा. माझं सर्वांत लाडकं पुस्तक तेच.

मालिका कुठून सुरू करावी, कोणत्या वयाच्या मुलांना द्यावी, काहीही विचारायचं असेल तर जरूर विचारा.