वंशावळीचा कागद आणि पिल्लाची प्रकृती

“पेपर आहेत ना? मग काळजी कसली!” हे वाक्य गेल्या तीन महिन्यांत आप्तेष्टांकडून, शेजाऱ्यांकडून आणि सकाळी फिरायला येणाऱ्या श्वानप्रेमी मंडळींकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आमच्याविषयी इतकी निर्व्याज आपुलकी होती, की दर वेळी प्रतिवाद ओठांवर येऊनही मी तो गिळला. आमची चिंगी, सोनेरी रंगाची कॉकर स्पॅनिअल, तेरा वर्षे घरात नांदून श्रावणात गेली. तिची साखळी अजून दारामागच्या खुंटीला आहे. आता दुसरे पिल्लू आणण्याचे घाटत असताना, ज्या समजुतीपायी पूर्वी आम्ही निष्काळजी राहिलो तीच समजूत शहाणपणाचा सल्ला म्हणून पुन्हा पुढे येते, तेव्हा सविस्तर लिहिणे भाग आहे.

चिंगीचेही पेपर होते. ते अस्सल होते, तीन पिढ्यांचे होते, आणि त्यांत दोन ठिकाणी प्रदर्शनांत विजयी झालेल्या कुत्र्यांची नावे होती. तिच्या सातव्या वर्षी एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, अंगणातून ओटीवर येताना ती पहिल्या पायरीशी थबकली. पुढचा उजवा पंजा उचलून तिने पायरीची कड चाचपली, आणि कड लागल्यावरच ती वर आली. दिवसा तीच चिंगी चेंडूमागे धावत असे, म्हणून दोन महिने आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. अखेर पशुवैद्यांनी तिचे डोळे तपासले तेव्हा दृष्टिपटल झिजत चालल्याचे निदान झाले. या आनुवंशिक विकारात आधी अंधारातील दृष्टी जाते, मग उजेडातील, आणि त्यावर इलाज नाही. नवव्या वर्षी ती पूर्ण आंधळी झाली.

ज्याला आपण ‘पेपर’ म्हणतो तो दस्तऐवज म्हणजे नोंदणीचा दाखला, त्याहून अधिक काही नव्हे. चेन्नईला कचेरी असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया घ्या किंवा १८७३ साली स्थापन झालेला इंग्लंडचा केनेल क्लब घ्या. अशा संस्थांचे दप्तर मुख्यतः पैदासकाराने लेखी कळविलेल्या तपशिलावर चालते, आणि तो तपशील नर कोणता, मादी कोणती, पिल्ले कोणत्या तारखेस झाली, त्यांचे रंग कोणते, एवढाच असतो. नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर बापाचे नाव असते. बाळाची दृष्टी शाबूत आहे की नाही हे त्यावर कोणी शोधत नाही. मग कुत्र्याच्याच बाबतीत जन्माच्या दाखल्याला प्रकृतीची हमी मानण्याचा हट्ट कशासाठी?

ज्यांना यात अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी थोडा इतिहास पाहावा. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने दाखविलेल्या अनुबोधपटात प्रदर्शनात विजयी ठरलेला एक कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल होता, आणि त्याला कवटी मेंदूस अपुरी पडल्याने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत द्रव साचण्याचा, अतोनात वेदना देणारा विकार होता. त्यानंतर झालेल्या गदारोळात, २००९ साली, इंग्लंडच्या केनेल क्लबने बाप-लेक, माय-लेक आणि सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली; म्हणजे तोवर अशाही पिल्लांना पेपर मिळत होते. पुढे २०२३ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या देशातील कॅव्हेलिअरची प्रचलित पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याचा भंग ठरविली. ज्या कुत्र्यांच्या पैदाशीविषयी हा निवाडा झाला ती रस्त्यावरची नव्हती; वंशावळ जपणाऱ्यांच्याच घरची होती.

कॉकरच्या ज्या दोन विकारांची सर्वांत अधिक धास्ती बाळगावी त्यांतला एक हा अंधत्वाचा आणि दुसरा मूत्रपिंडाचा, ज्यात पिल्लू बहुधा दोन वर्षांचे होण्याआधीच दगावते. दोन्ही अप्रकट गुणाने उतरतात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा सदोष जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या तरच रोग होतो. एकच प्रत असलेला प्राणी केवळ वाहक असतो, जन्मभर ठणठणीत राहतो, प्रदर्शनात पदकही मिळवितो, आणि दुसऱ्या वाहकाशी त्याचा संबंध आला की सरासरीने चारांतले एक पिल्लू बाधित निघते. “आई-बाप दोघेही बघा कसे तुकतुकीत आहेत!” हा पैदासकाराचा पुरावा म्हणूनच निरुपयोगी होय. अंधत्वाचे कारण असलेला जनुकातील बदल २००६ मध्ये आणि मूत्रपिंडाचा २००७ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केला. गालाच्या आतून फिरविलेल्या बोळ्यावरून किंवा थोड्या रक्तावरून आज दोहोंची परीक्षा होते. मागायचा कागद तो हा, आई आणि बाप या दोघांचाही, ज्यावर त्या प्राण्याच्या मायक्रोचिपचा क्रमांक असेल.

मग वंशावळीचा कागद फेकून द्यावा काय? मुळीच नाही, तो वाचावा. तीन पिढ्यांत चौदा पूर्वज येतात, आणि त्या चौदा रकान्यांत एकच नाव पुन्हा आले आहे काय हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. चिंगी गेल्यावर तिचा कागद मी प्रथमच नीट उलगडून पाहिला, तेव्हा बापाच्या बापाच्या आणि आईच्या बापाच्या रकान्यात एकच नाव दिसले: तिचे आईबाप सावत्र भावंडे होती. अशा संततीत कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती त्या आजोबाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता आठांत एक, म्हणजे साडेबारा टक्के असते. तेरा वर्षे तो कागद कपाटात होता, आणि त्याचा अभिमान आम्ही पाहुण्यांपुढे मिरविला होता.

बाकीच्या समजुतींना इतकी जागा देण्याचे कारण नाही. नाक ओले म्हणजे पिल्लू निरोगी, हे खरे नव्हे. निरोगी पिल्लाचेही नाक झोपेतून उठल्यावर कोरडे असते. तुरुतुरु धावत प्रथम आपल्याकडे आले त्या पिल्लाने ‘आपल्याला निवडले’, हे ऐकायला गोड आहे, पण कदाचित ते सर्वांत भुकेले असेल. तोकडी शेपटी ही शुद्ध वंशाची खूण नव्हे. ती जन्मानंतर कापलेली असते. लवकर आणले की लवकर रुळते, हे तर धोक्याचे. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. सोनेरी कॉकर माथेफिरू असतात या प्रवादाला १९९६ च्या एका ब्रिटिश पाहणीचा आधार देतात. तीत एकरंगी कॉकर सरासरीने अधिक आक्रमक आढळले हे खरे, परंतु ती मालकांच्या उत्तरांवर बेतलेली होती, आणि सरासरीवरून समोरच्या एका पिल्लाचा स्वभाव ठरत नाही. त्यासाठी त्याची आई पाहावी, तीही पिल्लांजवळ असताना. आधीचे कुत्रे गेलेल्या घरात वर्षभर दुसरे आणू नये, यात तथ्य एवढेच की ते पार्व्होने गेले असेल तर तो विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो आणि लसीकरण पुरे न झालेल्या पिल्लाला तो जिवावर बेततो. वार्धक्याने गेलेल्या कुत्र्याच्या घरात तसा कोणताही धोका नाही. आणि पैसे मोजण्यापूर्वी पिल्लू आपल्या पशुवैद्यांना, मुंबईत असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, दाखवून त्याच्या छातीला नळी लावून घ्यावी, कानांचा वास घ्यावा, टरारलेल्या पोटातील जंतांविषयी विचारावे.

मागच्या आठवड्यात एका पैदासकार बाईंनी कुरकुर न करता चारही निकाल दाखविले. मूत्रपिंडाच्या बाबतीत नर-मादी दोन्ही निर्दोष. डोळ्यांच्या बाबतीत नर निर्दोष, मादी मात्र वाहक. शेजारचा मुलगा बरोबर आला होता, तो हळूच म्हणाला, “काकू, आईतच दोष आहे, तर कशाला घेता?” हीही एक समजूतच, आणि ती कागदाच्या समजुतीइतकीच घातक, कारण वाहक म्हणून निरोगी माद्या पैदाशीतून सरसकट काढल्या तर आधीच आखूड झालेले हे गोत अधिकच आखडेल. बाप निर्दोष असल्यामुळे या पिल्लांपैकी काही वाहक निघतील, परंतु या रोगाने आंधळे एकही होणार नाही, हे मी त्याला ओटीवरच्या फरशीवर खडूने चार चौकटी काढून दाखविले. त्याने दोनदा मोजून पाहिले. मादी आमच्या पायांशी बसून होती आणि तिची सहा पिल्ले तिच्या कानांशी झोंबत होती. त्यांतल्या पांढऱ्या-काळ्या मादीपिल्लाचा विसार मी तिथेच दिला.