प्रत्यारोपणानंतरचे मन

अवयव प्रत्यारोपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचे टेबल, हिरवे कपडे घातलेले डॉक्टर आणि वाहतूक थांबवून धावणारी रुग्णवाहिका येते. वर्तमानपत्रातील बातमी 'शस्त्रक्रिया यशस्वी' या दोन शब्दांपाशी संपते. रुग्णाच्या मनाची खरी कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. बँकेत नोकरी करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु गेल्या तीस वर्षांत मानसशास्त्राने याबाबत जे सांगितले आहे ते आपल्या सभासदांना, विशेषतः विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी केले. दाता व रुग्ण जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने मूत्रपिंड परके समजून नाकारले नाही. इतरांच्या बाबतीत हा नकार थोपवणारे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० नंतर वापरात आले आणि रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोर येथे मूत्रपिंडाचे आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या हातून हृदयाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. माणूस जगू लागला, तेव्हा तो कसा जगतो हा प्रश्न पुढे आला.

नातेवाईक म्हणतात, "तुझा पुनर्जन्म झाला." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला हे ऐकावे लागते त्याचा दिवस कसा असतो? ठरलेल्या वेळी गोळ्या, त्याही जन्मभर. प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, म्हणून साध्या सर्दी-तापाचेही भय. स्टेरॉइडने सुजलेला चेहरा आरशात ओळखू येत नाही. रक्त तपासणीचा कागद हाती येईपर्यंत जीव टांगणीला. शिवाय एक अवघड विचार मनात घर करून बसतो. अवयव मृत व्यक्तीचा असेल, तर आपण ज्याची वाट पाहत होतो ती घटना म्हणजे कुणाच्या तरी घरातला मृत्यू होता. जिवंत माणसाचा असेल, तर त्याचे ऋण कधी फेडायचे?

रेने फॉक्स व ज्युडिथ स्वेझी या अमेरिकेतील अभ्यासक स्त्रियांनी प्रत्यारोपणाच्या दुनियेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या ऋणाच्या ओझ्याला त्यांनी 'दानाचा जुलूम' असे नाव दिले. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आम्हाला जरा कठोर वाटला. परंतु आमच्या एका सहकाऱ्याला त्याच्या थोरल्या बहिणीने मूत्रपिंड दिले आणि त्या शब्दाचा अर्थ आमच्या समोरच्या टेबलावर बसला. ताई काहीही बोलल्या तरी हा गप्प. घरात आवाज चढला की कुणीतरी म्हणे, "ताईच्या किडनीवर जगतोस, विसरू नकोस." दोन वर्षांनी त्याने धीर करून ही घुसमट ताईंनाच सांगितली. त्या म्हणाल्या, "अरे, दिली त्याच दिवशी ती तुझी झाली. आता गोळ्या वेळेवर घे म्हणजे झालं." (आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियाच बहुसंख्य आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांच्या मनाचे काय होते, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) त्यानंतर हा गृहस्थ हळूहळू मोकळा झाला. आता सुट्टीच्या दिवशी तो डायलिसिसच्या रुग्णांच्या नातेवाइकांना अर्थसाहाय्याचे अर्ज भरून देतो. अर्ज भरणे हे आम्हा कारकुनांचे हातखंडा काम!

अशा बदलाला मानसशास्त्रात 'आघातोत्तर वाढ' असे म्हणता येईल अशी संज्ञा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट येथील शाखेतील रिचर्ड टेडेस्की व लॉरेन्स कॅल्हून या दोन प्राध्यापकांनी ती १९९५ च्या सुमारास रूढ केली आणि १९९६ साली अशी वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोठ्या आघातातून गेलेले अनेक लोक पाच प्रकारचे बदल सांगतात, असे त्यांना आढळले. जगण्याची किंमत कळते, माणसे जवळची वाटू लागतात, आपण समजत होतो त्यापेक्षा आपण खंबीर आहोत हे उमगते, जीवनाच्या अर्थाविषयीचे चिंतन खोल होते आणि आयुष्याला पूर्वी न सुचलेल्या वाटा फुटतात. पुढे हीच प्रश्नावली कर्करोगाच्या व प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठीही वापरली गेली. नव्या वाटेचे एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचा बर्फावरील खेळाडू क्रिस क्लग. २००० साली त्याचे यकृत प्रत्यारोपण झाले आणि २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. मात्र प्रत्येकाकडून पदकाची अपेक्षा करू नये. कुणाची वाढ एवढीच असते की तो धाकट्या मुलाशी पहिल्यांदा निवांत बसून बोलतो.

ही वाढ होते कशी? टेडेस्की व कॅल्हून यांनी भूकंपाचा दाखला दिला आहे. "आपले शरीर आपलेच आहे, उद्याचा दिवस उगवणारच आहे" अशा गृहीतांवर आपण मनाचे घर बांधलेले असते. आघाताने ते हलते, काही भिंती पडतात. वाढ पडझडीतून आपोआप होत नाही. ती घर पुन्हा बांधण्याच्या कष्टातून होते. सुरुवातीला विचार नको असताना येतात व रात्रीची झोप उडवतात. पुढे तोच माणूस हेतुपुरस्सर विचार करू लागतो, की जे घडले त्याचा अर्थ काय आणि आता काय करायचे. या दुसऱ्या विचाराला ऐकणारा माणूस लागतो. फ्रान्सचे तत्त्वज्ञ ज्याँ-लुक नान्सी यांना दुसऱ्याचे हृदय मिळाले. सुमारे दहा वर्षांनी, २००० साली, त्यांनी त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो 'घुसखोर'. हा घुसखोर कोण, असे ते विचारतात. नवे हृदय, की दगा देणारे आपलेच जुने हृदय? की प्रतिकारशक्ती दाबल्यामुळे उद्भवलेला कर्करोग? पुस्तकात कृतज्ञतेचे गोडवे फारसे नाहीत, तरीही आमच्या मते ते वाढीचेच उदाहरण आहे.

दात्याचा स्वभाव अवयवाबरोबर येतो, अशा गोष्टी आपल्याकडे व परदेशातही चवीने सांगितल्या जातात. त्याला शास्त्रीय पुरावा नाही. येथे एक इतिहास सांगण्यासारखा आहे. २ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. क्रिस्तियान बर्नार्ड यांनी फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत क्लाइव्ह हाउप्ट या तरुणाचे हृदय बसवले. तेथील वर्णभेदी कायद्याने हाउप्टची नोंद 'मिश्रवर्णीय' म्हणून केलेली होती. हाउप्टला जेथे जाण्यास मज्जाव होता तेथे त्याचे हृदय ब्लायबर्गच्या छातीतून सुमारे एकोणीस महिने जाऊ शकले. हृदयाने रंग विचारला नाही. पण म्हणून वर्णभेद काही लोपला नाही. तो कायदा मोडायला पुढे सुमारे दोन तपांचा काळ आणि असंख्य माणसांचा लढा लागला. तेव्हा अवयव माणसाला बदलत नाही. बदल घडतो तो माणूस विचार करतो म्हणून.

काही मानसशास्त्रज्ञांना या संकल्पनेविषयी शंका आहेत. रुग्ण 'मी बदललो' म्हणतो ते खरे, की दुःख सुसह्य व्हावे म्हणून मनाने घातलेली समजूत, असे ते विचारतात. ही शंका रास्त आहे. आम्हाला वाटते ते एवढेच की वाढ आणि दुःख एकाच वेळी एकाच माणसात नांदतात. वाढ झाली म्हणजे भीती गेली असे मुळीच नाही. न्यूझीलंडच्या क्लिंट हॅलम यांना १९९८ साली फ्रान्समध्ये मृत दात्याचा हात जोडण्यात आला. तो हात त्यांच्या मनाने आपला मानला नाही, त्यांनी औषधे सोडली आणि २००१ साली त्यांच्याच विनंतीवरून तो काढावा लागला. शल्यविशारदांनी शिरा जोडल्या होत्या. मन जोडण्याचे काम अपुरे राहिले.

म्हणून अशा रुग्णाच्या भेटीला जाल तेव्हा "आता तू आनंदात असायला हवंस" असे म्हणू नये. गोळ्यांना कंटाळलास का, रात्री झोप लागते का, असे विचारावे आणि उत्तर लांबले तरी घड्याळाकडे पाहू नये. सतत उदासी, औषधे चुकवणे, जगणे नकोसे झाल्याची भाषा दिसली तर मात्र रुग्णालयाला त्वरित कळवावे. तेथे 'ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर' नावाची व्यक्ती असते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने हे पद प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना बंधनकारक केले आहे. या पदासाठी डॉक्टर वा परिचारिकाच लागते असेही नाही. समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयांच्या पदवीधरांनाही ते काम करता येते. कला शाखेला जाऊन पुढे काय, असे विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या मोठ्या रुग्णालयात जाऊन या कामाची माहिती जरूर घ्यावी.